मनगटातली थरथर

डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या मनगटावर बोटं टेकवली की कातडीखाली बारीक थरथर लागते. कान लावला तर सलग घरघर ऐकू येते. हा फिश्चुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शिरेचा केलेला जोड. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराला तो करायचा झाला, तर शक्यतो कोयता धरणारा हात सोडून दुसरा हात निवडतात. मग त्या हाताने मोळी उचलायची नाही, त्यावर बीपीचा पट्टाही बांधू द्यायचा नाही.

या थरथरीमागे मोठी धडपड आहे. १९४३ साली नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंड बनवलं. पण दर खेपेला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, आणि जागा संपली की उपचारही संपे. १९६० साली सिअ‍ॅटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी क्लाइड शिल्ड्स या कामगाराच्या हातात टेफ्लॉनची नळी कायमची बसवली. शिल्ड्स पुढे अकरा वर्षं जगला. मूत्रपिंडं निकामी असूनही त्याचा जीव घेतला तो हृदयविकाराने.

नळीत गुठळ्या होत, जंतुसंसर्ग होई. १९६५ साली न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो आणि सहकाऱ्यांनी नळीच वगळली. सर्जन अ‍ॅपेल यांनी मनगटातली धमनी थेट शिरेला जोडली. जोराच्या रक्ताने शीर फुगली, सुई टोचायला भक्कम झाली. आजही हाच मार्ग सर्वांत चांगला मानतात.

मात्र त्याची किंमत हृदय मोजतं. मिनिटाला अर्धा ते एक लिटर, कधी त्याहूनही जास्त रक्त केशवाहिन्यांकडे न जाता सरळ हृदयाकडे परततं. विश्रांतीत मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलणाऱ्या हृदयावर हा जादा भार. प्रवाह फार वाढला, विशेषतः दंडातल्या फिश्चुलात, तर हृदय थकतं: पायावर सूज, आडवं झाल्यावर धाप. धमनी-शिरेचा असा जोड क्षणभर दाबला की नाडी मंदावते, ही खूण सर्जन निकोलादोनी यांनी डायलिसिस येण्याआधी, १८७५ मध्येच नोंदवली होती.

उशिरा दवाखान्यात पोचलेल्याच्या मानेत, फिश्चुला तयार होईपर्यंत, कॅथेटर (नळी) घालावा लागतो. त्यातून जंतू रक्तात शिरले, तर हृदयाच्या झडपांपर्यंत पोचू शकतात.

२०१६ मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, तो ही सोय जिल्हा रुग्णालयांपर्यंत नेण्यासाठी. सोय जवळ आली, तशी जाणही यायला हवी. धाप लागली, तर ती थकवा म्हणून अंगावर काढू नका. पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा.