सुरी कोणत्या वाटेने न्यायची?

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा भाग. कमरेच्या हाडांच्या अरुंद पोकळीत तो मूत्राशय आणि जननेंद्रिये यांना खेटून असतो. त्यामुळे तेथील कर्करोग काढणे हे शल्यवैद्यांना फार काळ अवघड गेले.

लंडनचे अर्नेस्ट माइल्स प्रारंभी ही गाठ खालून, गुदद्वाराच्या बाजूने काढत. पण ५७ पैकी ५४ रुग्णांत रोग उलटला. माइल्सनी मृत रुग्णांची शवविच्छेदने केली. तेव्हा रोग लसीकावाहिन्यांतून वरच्या दिशेनेही पसरतो, असे त्यांना आढळले. म्हणून १९०८ साली त्यांनी पोट आणि गुदद्वार अशा दोन्ही बाजूंनी करायची शस्त्रक्रिया मांडली. तिची किंमत मोठी होती. रुग्णाला जन्मभर पोटावरच्या छिद्रातून मलविसर्जन करावे लागे. गाठ पुरेशी वर असल्यास आतडे पुन्हा जोडता येते, हे पुढे अमेरिकेत क्लॉड डिक्सन यांनी १९४८ साली दाखवले.

तरीही काहींचा रोग त्याच जागी परत येई. असे का व्हावे? १९८२ साली इंग्लंडमधील बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड यांनी गुदाशयाभोवतीच्या चरबीच्या वेष्टनाकडे बोट दाखवले. लसीकाग्रंथी याच वेष्टनात असतात. ते हाताने ओढून सोडवताना फाटते आणि रोगाचे कण मागे राहतात. वेष्टनाबाहेरच्या नैसर्गिक थरातून, डोळ्यांनी पाहत सुरी चालवली, तर ते अखंड निघते. शिवाय लघवी आणि लैंगिक क्रिया सांभाळणाऱ्या मज्जातंतूही वाचतात.

रोबॉट आला तो या ज्ञानानंतर. अमेरिकेत 'दा विंची' यंत्राला २००० साली मान्यता मिळाली. हे यंत्र स्वतः काही ठरवत नाही. शल्यवैद्य शेजारी बसून हात हलवतो आणि मनगटासारखी वळणारी बारीक अवजारे तशीच हलतात. दृश्य त्रिमितीय दिसते, हाताचा कंप गाळला जातो.

मग फायदा किती? २०१७ साली ४७१ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. दुर्बिणीची शस्त्रक्रिया अर्ध्यावर सोडून पोट उघडावे लागण्याचे प्रमाण १२.२ टक्के होते, तर रोबॉटसह ८.१ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, असे गणित सांगत होते. २०२५ सालच्या चीनमधील मोठ्या चाचणीत मात्र तीन वर्षांत त्या भागात रोग उलटण्याचे प्रमाण ४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलेले दिसले.

'रोबॉटने शस्त्रक्रिया केली' या वाक्यातला खरा कर्ता कोण, हे वर्गात जरूर विचारावे. उत्तर शोधताना मुले माइल्सच्या शवविच्छेदनांपर्यंत मागे जातील.