एका नॉर्वेकराने पाहिलेले ब्रिटन

परमुलखात जाणारा प्रवासी डोळ्यांबरोबर आपला तराजूही घेऊन जातो. त्या मुलखाचे मोल तो आपल्याच घरच्या वजनांनी करीत असतो. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनचे असेच एक मोलमाप आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

1863 साली एडिंबरो येथे ‘ब्रिटन आणि ब्रिटिश यांविषयी एका नॉर्समनची मते’ अशा आशयाच्या नावाचे एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे लेखक ओस्मुन्ड ओलावसन विन्ये हे कवी आणि पत्रकार होते. त्यांचा जन्म 1818 साली टेलेमार्कच्या डोंगराळ भागात, दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्या एका कुळाच्या झोपडीत झाला. पुढे ते कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि 1858 मध्ये त्यांनी स्वतःचे साप्ताहिक काढले. त्या वेळी नॉर्वेत ग्रंथांची भाषा डॅनिश होती. ईवार ओसेन यांनी खेड्यापाड्यांतील बोलींतून जी नवी लेखनभाषा घडविली, तिच्यात वृत्तपत्री लेखन करणाऱ्या पहिल्या लेखकांपैकी विन्ये हे एक होत.

असा हा मनुष्य 1862 साली ब्रिटनमध्ये उतरला. लंडनच्या भव्य आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाचे तेच वर्ष. त्याच वर्षी लँकेशायरमध्ये अमेरिकेतील यादवीमुळे कापूस येईनासा झाला, गिरण्या थंडावल्या आणि वर्षअखेर सुमारे पाच लाख माणसे मदतीच्या अन्नावर जगू लागली. याच टंचाईने मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्यांच्या पेढ्या मात्र तुडुंब भरल्या होत्या.

ब्रिटिशांचे वैभव जगाला दिसतच होते. विन्ये यांचे लक्ष गेले ते त्यांच्या समाजरचनेकडे. श्रीमंत आणि दरिद्री यांच्यामधील दरी, तसेच कुळ आणि पैसा यांपुढे घातले जाणारे दंडवत, यांवर त्यांनी उपरोधाने कोरडे ओढले. या टीकेमागची वजने नॉर्वेतील होती. तेथे 1814 ची राज्यघटना होती, 1821 च्या कायद्याने सरदारकी मोडीत निघाली होती आणि 1837 पासून गावकारभार लोकनियुक्त मंडळांकडे आला होता. इंग्लंडात मात्र 1832 च्या सुधारणेनंतरही प्रौढ पुरुषांपैकी साधारण पाचांत एकालाच मत होते, आणि देशातील निम्म्याहून कितीतरी अधिक जमीन काही हजार कुटुंबांच्या मुठीत होती.

तथापि नॉर्वे म्हणजे समतेचे नंदनवन नव्हते. विन्ये यांच्या वडिलांसारख्या भूमिहीन कुळांना तेथेही मताधिकार नव्हता. घरातील हे दैन्य पाहिलेला माणूस केवळ स्वदेशाभिमानाने बोलत नाही, आणि म्हणूनच त्याच्या टीकेला वजन येते. जीवनवस्त्राची सुलट आणि उलट बाजू एकाच वेळी पाहण्याच्या वृत्तीसाठी नॉर्वेच्या भाषेत ‘त्वीसीन’ म्हणजे द्विदृष्टी असा शब्द आहे; तो विन्ये यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला आहे.

या ठिकाणी दादाभाई नौरोजींचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तेही 1855 साली व्यापारानिमित्त इंग्लंडला गेले होते. पुढे 1901 साली त्यांचा हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील ग्रंथ निघाला, तेव्हा येथील राज्यकारभाराला त्यांनी ग्रंथनामातच ‘अब्रिटिश’ म्हटले. ब्रिटिशांच्याच तत्त्वांच्या तराजूत त्यांनी ब्रिटिश सत्ता तोलली. परतंत्र देशाच्या वकिलाला तो युक्तिवाद उपयोगी होता, किंबहुना आवश्यक होता. विन्ये यांना इंग्रजांपाशी कोणतेही गाऱ्हाणे मांडावयाचे नव्हते. म्हणून ते एक पाऊल पुढे जाऊन त्या तराजूचीच पारख करू शकले, आणि तीही यजमानांच्या भाषेत, त्यांच्याच देशात ग्रंथ छापून!

ही दृष्टी घरी परतल्यावर बदलली नाही. 1865 मध्ये विन्ये न्यायखात्यात नोकरीस लागले. परंतु आपल्या पत्रातून त्यांनी सरकारवर टीका चालूच ठेवली आणि 1868 मध्ये ती नोकरी गेली. सरकारी चाकरीत आयुष्य काढणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट अंतर्मुख करते. 1870 साली त्यांचे निधन झाले. जी कसोटी त्यांनी परक्यांना लावली तीच स्वकीयांनाही लावली, आणि तिची किंमत स्वतः मोजली. त्यांच्या ब्रिटनविषयीच्या मतांवर विश्वास ठेवावासा वाटतो, तो मुख्यतः यामुळेच.