पॉवर स्टिअरिंग काढून टाकायचंय? आधी ही शंभर वर्षांची गोष्ट ऐका

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

आजचा विषय एका फोनमुळे निघाला. पेठ वडगावातनं माझ्या मावसभावाचा फोन आला. म्हणाला, "दादा, रविवारी पॉवर स्टिअरिंग काढून टाकतोय." मी म्हटलं, कशातनं? "गाडीतनं. अजून कशातनं?"

त्याच्याकडे एक सेकंड हँड सेडान आहे, वीस वर्षांच्या आसपासची. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगवाली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण त्या वयाच्या कुठल्याही गाडीत हे होतंच. पंप गळत होता, दर आठवड्याला तेल टाकावं लागत होतं, आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून याचा मूड गेला होता. मग त्याने एक व्हिडिओ बघितला. पंप काढा, लहान मापाचा बेल्ट टाका, दोन पाइप एकमेकांना जोडा. झालं. एका दुपारचं काम.

पण खरं कारण पैसे नव्हतंच. तो कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर गो-कार्ट चालवून आला होता. "दादा, कार्टमध्ये रस्ता हाताला कळतो. आपल्या गाडीत स्टिअरिंग म्हणजे नुसतं लोण्यात बोट. आणि पूर्वीच्या गाड्यांना कुठं होतं पॉवर स्टिअरिंग? महाराजांच्या मेबॅकला होतं काय?"

आता हा प्रश्न बिनतोड होता. कोल्हापूरकरांना मेबॅक माहीत आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली, १९३०च्या दशकात जर्मनीत बनलेली ती लांबलचक गाडी, शाही दसऱ्याला दसरा चौकात येते ती. तिला पॉवर स्टिअरिंग नाही. एवढं अवजड धूड नुसत्या हातांनी वळतं. मग याच्या सेडानला काय धाड भरलीय?

मी म्हटलं, थांब, बघून सांगतो. आणि बघायला बसलो तर गंमत अशी निघाली की मेबॅक बनली तेव्हा पॉवर स्टिअरिंगचा शोध लागून दहाएक वर्षं होत आली होती. ते चालतही होतं. फक्त कुणी विकत नव्हतं.

तर गोष्ट अशी. फ्रान्सिस डेव्हिस नावाचा अमेरिकन इंजिनिअर. पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात कामाला. त्याने रोज बघितलेली गोष्ट म्हणजे ट्रक वळवताना ड्रायव्हरचे होणारे हाल. त्यात १९२३च्या सुमारास बलून टायर आले. म्हणजे जास्त रुंद, कमी हवेचे. बसणाऱ्याला मऊ, पण रस्त्याला जास्त चिकटणार, म्हणून स्टिअरिंग आणखी जड. डेव्हिसने नोकरी सोडली, मॅसॅच्युसेट्समध्ये वॉल्थम नावाच्या गावात एक छोटं वर्कशॉप भाड्याने घेतलं आणि सोबत जॉर्ज जेसप नावाचा एक टूलमेकर घेतला. दोन माणसं, एक शेड. आपल्या उद्यमनगरात असे शेकडो सेटअप झाले असतील.

त्याने नेमकं काय केलं हे जरा नीट सांगतो, कारण पुढे मावसभावाचा घोळ इथेच होणार आहे. त्याआधीच्या लोकांची कल्पना अशी, की तेल कायम दाबाखाली भरून ठेवायचं आणि वळताना सोडायचं. दाबातलं तेल म्हणजे गळती. डेव्हिसने उलटं केलं. गाडी सरळ चाललीय तोवर पंप तेल नुसतं फिरवत ठेवतो, दाब जवळजवळ नाहीच. तुम्ही स्टिअरिंग फिरवलं की एक व्हॉल्व्ह किंचित सरकतो, तेलाची एक वाट अडते, दाब तयार होतो आणि पिस्टनला त्या बाजूला ढकलतो. हात सोडला की पुन्हा तेल आपलं गोल गोल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्टिअरिंग आणि चाकांमधला लोखंडी सांधा त्याने तसाच ठेवला. इंजिन बंद पडलं तरी जोर लावून गाडी वळते.

१९२६ साली डेव्हिस स्वतःच्या पिअर्स-अ‍ॅरो गाडीत हे बसवून डेट्रॉईटला गेला आणि मोठ्या कंपन्यांना चालवून दाखवलं. जनरल मोटर्सने करार केला. आता झालंच, असं वाटतं ना? तिथून आठ वर्षं गेली, मध्ये महामंदी आली, आणि १९३४ मध्ये जनरल मोटर्सने हिशेब केला की खर्च जास्त, गाड्या खपतील थोड्या. करार रद्द. पुढे १९३६ मध्ये तो बेंडिक्स कंपनीकडे गेला, मग महायुद्ध आलं आणि हे तंत्र आधी बसलं ते लष्कराच्या चिलखती गाड्यांत आणि जड वाहनांत. साध्या माणसाला विकत मिळणाऱ्या कारमध्ये ते आलं १९५१ साली, क्रायसलर इम्पीरियलमध्ये, हायड्रागाइड या नावाने. डेव्हिसची काही पेटंटं तोवर संपली होती, क्रायसलरने ती वापरली. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सही मैदानात. म्हणजे पंचवीस वर्षं. मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे दोन वर्षं रिलीज अडली तर माणसं नोकरी बदलतात.

मग या पंचवीस वर्षांत गाड्या कशा वळत होत्या? हा प्रश्न मला जास्त आवडला. कारण उत्तर 'लोक तेव्हा पैलवान होते' असं नाहीये. गाडीची मांडणीच तशी होती. स्टिअरिंगचं चाक मोठं, म्हणजे रहाटाचा दांडा लांब असावा तसं, जोर कमी लागतो. गिअरिंग संथ, म्हणजे चाकं थोडी वळवायला स्टिअरिंग भरपूर फिरवायचं. टायर अरुंद. जुन्या लाल एसटीचं स्टिअरिंग आठवतंय का? परातीएवढं. आंबा घाटात ड्रायव्हर सीटवरनं अर्धवट उठून, दोन्ही खांदे टाकून ते ओढायचा. जड होतंच, पण एका माणसाच्या दोन हातांना जमेल अशा हिशेबाने ती बस बनलेली होती.

दुसऱ्या टोकाला मारुती ८००. डिसेंबर १९८३ला आली, जानेवारी २०१४मध्ये बंद झाली, आणि तीस वर्षं पॉवर स्टिअरिंगशिवाय अख्ख्या देशाने तिच्यावर ड्रायव्हिंग शिकून घेतलं. कसं जमलं? साडेसहाशे किलोच्या आसपास वजन, आणि चाकं बारा इंची, टायर जेमतेम १४५ मिलिमीटर रुंद. तिला गरजच नव्हती.

आता उलट बाजू बघा. एकदा पंप जोर लावणार हे ठरलं, की इंजिनिअर बाकी सगळं बदलतो. स्टिअरिंगचं चाक लहान करतो. गिअरिंग फास्ट करतो. टायर रुंद करतो. कॅस्टर अँगल वाढवतो, म्हणजे पुढची चाकं ज्या अक्षाभोवती वळतात तो अक्ष मागे जास्त झुकवतो. त्याने गाडी हायवेवर सरळ राहते, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येतं. पण वळवायला जोरही जास्त लागतो. लागू दे, पंप आहे ना. अशा गाडीतनं पंप काढला तर मेबॅक मिळत नाही, मारुती ८००ही मिळत नाही. माणसाच्या हातासाठी कधी बनलंच नव्हतं असं काहीतरी मिळतं.

आणि गो-कार्ट? ती तर तिसरीच जात. वजन एवढंसं, मागे डिफरन्शिअल नाही, दोन्ही मागची चाकं एकाच दांड्यावर. वळवताना पुढच्या कॅस्टरमुळे आतल्या बाजूचं मागचं चाक उचललं जातं, म्हणून ती वळते. ते फीलिंग सेडानमध्ये शोधणं म्हणजे सायकलचं फीलिंग बुलेटमध्ये शोधणं. रेसिंगवाले पॉवर स्टिअरिंग वापरत नाहीत, हेही अर्धंच खरं. इंडीकारमध्ये नसतं, आणि तिथल्या ड्रायव्हरचे दंड बघा एकदा. फॉर्म्युला वनमध्ये मात्र असतं.

हे सगळं मी व्हॉइस नोट करून पाठवलं. सहा मिनिटांची. त्याने ऐकली नाही. रविवारी पंप निघाला.

संध्याकाळी फोन. "दादा, मख्खन! वाठार फाट्यावरनं किणी टोलनाक्यापर्यंत जाऊन आलो. काय फरक नाही. उलट भारी वाटतंय." आणि तो खोटं बोलत नव्हता. गाडी पळत असते तेव्हा टायर लोळत असतं, वळवायला जोर फार लागत नाही. सरळ हायवेवर स्टिअरिंग हलवायचं तरी किती? खरा जोर लागतो गाडी उभी असताना किंवा अगदी हळू असताना, कारण तेव्हा टायर जागच्या जागी डांबरावर घासून पिळायचं असतं.

शनिवारी मी गावी गेलो. गाडी घेऊन निघालो तर गल्लीच्या तोंडाशीच कळलं. बाजारचा दिवस, समोरनं दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर, आणि मला डावीकडे दाबून घ्यायचं होतं. स्टिअरिंग अर्धं फिरलं आणि तिथेच बसलं. भिंतीला टेकल्यासारखं. थांबलो, रिव्हर्स घेतला, पुन्हा ओढलं, दोन वेळा. ट्रॅक्टरवाला शांतपणे बघत होता. त्यालाही घाई नव्हती म्हणून बरं. तीच गोष्ट चाळीसच्या स्पीडने अचानक समोर कुणी आल्यावर झाली असती, तर?

वडगावातल्या एका फिटरमामांकडे गेलो. त्यांनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "पाव्हणं, पंप काढला, पर रॅक तर त्योच हाय की. आत पिस्टन हाय, सील हाय, तेल हाय. आता पंपाचं काम तुमी हातानं करायलाय."

एका वाक्यात सगळं आलं. मेलेल्या सिस्टीममध्ये तुम्ही नुसती चाकं वळवत नाही, ते तेलही या बाजूचं त्या बाजूला ढकलत असता. पाइप जोडल्या नाहीत आणि तोंडं बंद केली तर तेल अडकून आणखी वाईट. शिवाय व्हॉल्व्हपाशी एक बारीक पिळणारा दांडा असतो, टॉर्शन बार. तुम्ही किती जोर लावताय हे त्याच्या पिळावरनं व्हॉल्व्हला कळतं. पंप असताना तो पिळ जाणवत नाही, पंप गेल्यावर मधोमध ढिलाई जाणवते. मग काही व्हिडिओवाले पुढचा सल्ला देतात, तो दांडा वेल्ड करून टाका. मंडळी, हे कृपा करून करू नका. स्टिअरिंगच्या दांड्याला घरगुती वेल्डिंग, आणि ते तुटलं तर हातात उरतं नुसतं चाक.

"पण इंजिन बंद असताना गाडी वळतेच की," असं मावसभाऊ म्हणाला. वळते. डेव्हिसने तशीच बनवली होती. आंतरराष्ट्रीय नियमातही, यूएनच्या ७९ क्रमांकाच्या रेग्युलेशनमध्ये, याला हिशेब दिलाय. कारचं स्टिअरिंग चालू असताना फार तर १५ किलोच्या आसपासचा जोर लागला पाहिजे, आणि सिस्टीम बंद पडली तर ३० किलोपर्यंत चालेल. ती दुप्पट सूट आहे गाडी कशीबशी सांभाळून बाजूला घेता यावी म्हणून. रोज भाजी आणायला नाही.

कायद्याचं पटकन सांगतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२वर निकाल देताना म्हटलं, की उत्पादकाने दिलेल्या मूळ रूपापेक्षा वेगळे बदल करता येणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

त्याचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे. पंप बेल्टवर सतत फिरतो, तुम्ही सरळ जात असलात तरी. डेव्हिसच्या युक्तीची ती किंमत होती, थोडं पेट्रोल कायम त्यात जातं. म्हणूनच १९८८ मध्ये सुझुकीने सर्व्हो या छोट्या गाडीत तेल काढून इलेक्ट्रिक मोटर बसवली, जी वळतानाच करंट खाते. आज बहुतेक नव्या गाड्यांत तेच आहे. पंप काढायची इच्छा फक्त माझ्या मावसभावालाच झाली नव्हती. फक्त त्यांनी काढताना त्या जागी दुसरं काही ठेवलं.

पण खरं सांगू का, यातल्या कुठल्याच मुद्द्याने तो हलला नाही. गाडी मावशीपण चालवते. शाळेत शिक्षिका आहे, पन्नाशीनंतर, घरातल्या सगळ्यांनी नको म्हटलेलं असताना ड्रायव्हिंग शिकली. त्या आठवड्यात सोमवारी तिने गाडी दारातनं काढायचा प्रयत्न केला. निघाली नाही. मंगळवारी पुन्हा. मग तिने कुणाला काही सांगितलं नाही, गुपचूप एसटीने जायला लागली. विचारलं तर म्हणाली, "माझ्याच हातात आता जोर राहिला नाही रे. वय झालं."

आम्ही चहा पीत होतो. मावसभावाने कप खाली ठेवला आणि काहीच बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात कोल्हापुरातनं जुन्या बाजारातला एक पंप मिळाला, फिटरमामांनी सील किट बदलून बसवला. बेल्ट सकाळी थोडा ओरडतो. मावशीने पहिल्याच दिवशी गाडी एका दमात वळवून बाहेर काढली आणि फोनवर मला म्हणाली, "अरे, हातच दुखत नाहीत की आज. गोळ्या लागू पडल्या वाटतं." तिला अजून कुणी खरं सांगितलेलं नाही. हा एपिसोड ती ऐकणार नाही अशी आशा आहे.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या गावातल्या एखाद्या फिटरची गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा. सहा मिनिटांपेक्षा लहान.