नवसारीचें दस्तुर मेहेरजीराणा ग्रंथालय आणि पारशी इतिहासाचीं साधनें

लहान समाजाचा इतिहास लिहूं जाणाऱ्यास एक अडचण पदोपदीं भासते. राज्यकर्त्यांचीं दप्तरें राज्यकर्त्यांपुरतेंच बोलतात. ज्या समाजापाशीं राज्य नाहीं, किल्ला नाहीं, पदरीं बखरकार नाहीं, त्याचा वृत्तांत परक्यांच्या ग्रंथांत एखाद्या ओळीपुरता येतो आणि पुनः लुप्त होतो. अशा समाजानें आपले कागद आपणच जपले तरच त्याचा इतिहास उरतो. याचें एक उत्तम उदाहरण म्हणजे सुरतेच्या दक्षिणेस पूर्णा नदीकांठीं वसलेल्या नवसारी येथील दस्तुर मेहेरजीराणा ग्रंथालय होय.

नवसारी हें पारशी पुरोहितवर्गाचें, म्हणजे मोबेदांचें, जुनें पीठ. संजाणहून निघालेला ईराणशाह अग्नि उदवाड्यास स्थिर होण्यापूर्वीं दीर्घकाळ येथें होता, पुढें इ. स. १७६५ मध्यें येथें स्वतंत्र आतशबेहराम प्रतिष्ठित झाला. पारशांच्या हिंदुस्थानांतील आगमनाची परंपरा सांगणारें ‘किस्सा-इ-संजान’ हें फारशी काव्य इ. स. १६०० च्या सुमारास बहमन कैकोबाद या नवसारीकर मोबेदानेंच रचिलें. इ. स. १९४९ मध्यें बडोदें संस्थान मुंबई राज्यांत विलीन होईपर्यंत हें नगर गायकवाडी अंमलाखालीं होतें, म्हणून महाराष्ट्रीय अभ्यासकासहि तें परकें नाहीं. येथील पोथ्या पूर्वीं मोबेदांच्या घरोघर विखुरलेल्या असत. इ. स. १८७२ मध्यें ग्रंथालय स्थापन झालें व त्यांस एक आश्रयस्थान लाभलें. इ. स. १९२३ मध्यें बमनजी नसरवानजी धाभर यांनीं येथील हस्तलिखितांची वर्णनात्मक सूचि प्रसिद्ध केली. तेव्हांपासून या संग्रहाची वाट परस्थ विद्वानांसहि सुगम झाली.

अशा कागदांचें मोल कोणतें, हें एका वादावरून उत्तम कळतें. अकबराच्या दरबारीं पारशी धर्माची चर्चा झाली, हें सर्वमान्य आहे. परंतु ती कोणीं केली? नवसारीची परंपरा दस्तुर मेहेरजी राणा (मृत्यु इ. स. १५९१) यांचें नांव घेते. इ. स. १८९६ मध्यें र. प. करकरिया यांनीं ही परंपरा अमान्य करून, ईराणांतून आलेल्या अर्देशीर नामक विद्वानास तें श्रेय दिलें. बदाऊनी हा समकालीन इतिहासकार गुजराथेंतील नवसारीहून अग्निपूजक आल्याचें लिहितो. परंतु तो व्यक्तीचें नांव देत नाहीं. म्हणजे गांव मिळालें, माणूस मिळेना. डॉ. जीवनजी जमशेटजी मोदी यांनीं या आक्षेपास उत्तर देऊन इ. स. १९०३ मध्यें तें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. त्यांचा भर घराण्यानें जपलेल्या कागदांवर होता. इ. स. १५७९ च्या एका लेखांत नवसारीच्या मोबेदांनीं मेहेरजी राणा यांचें अग्रत्व मान्य केलें आहे, आणि इ. स. १५९५ च्या बादशाही फर्मानानें त्यांचे पुत्र कैकोबाद यांस ३०० बिघे जमीन दिली आहे. अर्देशीर तर दरबारीं आला तो मेहेरजी राणा निवर्तल्यानंतर. बदाऊनीचें वाक्य, मोबेदांचा लेख आणि फर्मान हीं तिन्ही एकत्र ठेविलीं म्हणजे परंपरेस भक्कम आधार मिळतो.

तथापि येथें विवेक हवा. आकाशांत दुसरा सूर्य उभा करणाऱ्या मांत्रिकास दस्तुरांनीं जिंकलें, ही लोककथा या कागदांनीं सिद्ध होत नाहीं. कागद जेवढें सांगतो तेवढेंच घ्यावें, हा नियम स्वकीयांच्या बाबतींत पाळणें अधिक कठिण, म्हणून अधिक अगत्याचें.

संस्कृतज्ञांसहि हें वाङ्मय उपेक्षणीय नाहीं. मध्ययुगांत नेर्योसंघ धवल नामक मोबेदानें यस्नादि ग्रंथांचें पेहलवीवरून संस्कृतांत भाषांतर केलें. तें मूळाच्या पदक्रमास अनुसरून शब्दास शब्द ठेवीत जातें. पाणिनीयांस तें खडबडीत वाटेल. परंतु अहुर मज्द यास ‘स्वामी महाज्ञानी’ म्हणतांना त्यानें परक्या देवतेचें नांव उचलिलें नाहीं, अर्थ उचलिला, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. यस्न व यज्ञ, हओम व सोम, झओतर व होतृ हीं जोडरूपें भाषाशास्त्रज्ञांनीं पुढें दाखविलीं. या दोन परंपरांस एकत्र आणण्याचें काम एका मोबेदानें कित्येक शतकें आधींच आरंभिलें होतें.

पोथ्यांचे समाप्तिलेख हें दुसरें मोठें साधन. त्यांत लेखकाचें नांव, वंश, रोज, माह व यझदेगर्दी वर्ष आढळतें. हा शक इ. स. ६३२ पासून चालतो. आपण शुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळवितों, तसे येथें ६३० किंवा ६३१ मिळवावे लागतात; आणि वर्ष ३६५ च दिवसांचें असल्यामुळें दर चार वर्षांस एक दिवस सरकतो. शिवाय हिंदुस्थानच्या व ईराणच्या गणनेंत एका महिन्याचें अंतर पडलें होतें, त्यावरून इ. स. १७४५ मध्यें कदमी व शहनशाही असे पंथभेद झाले. तेव्हां लेखक कोणत्या गणनेचा, हें ठरविल्याखेरीज मिति निश्चित करूं नये.

आतां चिंतेची बाजू. इ. स. १९५१ च्या शिरगणतींत हिंदुस्थानांत पारशांची संख्या १,११,७९१ होती; इ. स. २०११ मध्यें ती ५७,२६४ भरली. साठ वर्षांत समाज जवळजवळ निम्मा झाला. मोबेदाचा मुलगा अन्य व्यवसायांत व परगांवीं गेला, कीं घरची पोथी वाचणारा उरत नाहीं; आणि न वाचली जाणारी पोथी प्रथम माळ्यावर जाते, मग कसरीच्या मुखीं. ग्रंथालय कसरीपासून पोथी वांचवील. परंतु अवेस्ता, पेहलवी, फारशी, संस्कृत व जुनी गुजराथी यांची सांखळी जाणणारा वाचक त्यास निर्माण करतां येत नाहीं. तें काम विद्यापीठांचें व आपल्यासारख्या मंडळांचें आहे.

यांत आमचाहि वांटा आहे. नवसारी प्रांतासंबंधींचें गायकवाडी दप्तर मोडी जाणणाऱ्यानें पारशी इनामांच्या दृष्टीनें चाळावें, व जें मिळेल तें नवसारीच्या कागदांशीं ताडून पाहावें. तसेंच ज्यांच्या घरीं जुने रुमाल आहेत त्यांनीं या मोबेदांचा कित्ता गिरवावा. अंगीं थोर पराक्रम नसतांहि, केवळ कागद राखल्यानें, एका लहान समाजास आपल्या पूर्वजाचें नांव इतिहासांत सप्रमाण घेतां आलें, हें विसरूं नये.