माथेरान : पायवाटांनी राखलेले गिरिस्थान

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर माथेरान वसले आहे. भिवंडीकरांनी कल्याणहून कर्जतची लोकल धरून नेरळला उतरावे आणि घाट चढावा. पर्यटकांच्या मोटारी मात्र दस्तुरी नाक्यापर्यंतच जातात. तेथून पुढे लाल मातीची वाट, घोडा किंवा मिनी ट्रेन.

या डोंगरावर धनगर, ठाकूर व कातकरी यांचा वावर पूर्वापार होता. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये येथे आले आणि त्यांनी गिरिस्थानाचा पाया घातला. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी त्यास राजाश्रय दिला. इंग्रज अधिकारी व पारशी धनिकांचे प्रशस्त व्हरांड्यांचे बंगले, चर्च, शार्लोट तलावाकाठचे पिसरनाथाचे मंदिर ही त्या जडणघडणीची साक्ष होय. आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या भांडवलातून उभी राहिलेली नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उद्ध्वस्त झालेला हा मार्ग २००७ मध्ये पुन्हा खुला झाला.

येथे नगरपालिका १९०५ मध्ये स्थापन झाली. सिद्धगड येथे २ जानेवारी १९४३ रोजी हुतात्मा झालेले भाई कोतवाल हे माथेरानचेच सुपुत्र. या नगरपालिकेचे उपाध्यक्षपद त्यांनी भूषविले होते. २०११ च्या जनगणनेनुसार गावाची लोकसंख्या पाच हजारांच्या आत असली, तरी कारभार सोपा नाही. नगरपरिषदेबरोबरच शासनाचे अधीक्षक कार्यालय येथे आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान व परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित केल्यापासून बांधकामांवर कडक निर्बंध आले.

वाहनबंदीमुळे झाडी आणि जुने बंगले टिकले, पण तिचा भार हातरिक्षा ओढणाऱ्यांनी आणि डोक्यावरून सामान वाहणाऱ्या हमालांनी सोसला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षांची प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचे, तसेच रिक्षाचालकांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करण्याचे आदेश राज्य शासनाला दिले. घोडेवाल्यांचा रोजगार आणि मातीच्या रस्त्यांचे जतन हे प्रश्नही त्याच्याशी निगडित आहेत. माथेरानचा वारसा केवळ बंगल्यांत नाही, तर तो चालत्या वाटांतही आहे. त्या वाटांवर घाम गाळणाऱ्यांना न्याय देऊनच तो जपावा लागेल.