इमारतीचे वय, प्रकृती आणि किंमत : संरचना तपासणी व मूल्यांकन कसे होते?

भारतात एकाच इमारतीची पाहणी करण्यासाठी दोन निरनिराळे तज्ज्ञ येतात आणि बहुधा त्यांची परस्परांशी गाठही पडत नाही. इमारत उभी राहण्यास सक्षम आहे काय, हे संरचना अभियंता ठरवतो. ती बाजारात किती रुपयांना विकली जाईल, हे मूल्यांकनकार सांगतो. ब्रिटनमध्ये ही दोन्ही कामे ‘चार्टर्ड सर्व्हेयर’ या एकाच व्यवसायाच्या कक्षेत येतात. लंडनमध्ये १८६८ साली स्थापन झालेल्या संस्थेची परंपरा त्या व्यवसायामागे आहे आणि घर घेणारा ग्राहक स्वखर्चाने असे सर्वेक्षण करवून घेतो. आपल्याकडे सर्व्हेयर म्हटले की जमिनीची मोजणी करणारा भूकरमापकच डोळ्यांसमोर येतो. घर घेताना वकील मालकीहक्काचा शोध घेतो, बँक आपला मूल्यांकनकार पाठवते. गिलाव्याआडच्या सळईची चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही.

कायद्याने ही चौकशी इमारतीच्या वयाशी जोडली आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ३५३ब नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घेणे मालक अथवा भोगवटादारावर बंधनकारक आहे. राज्यातील अन्य महापालिकांसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम २६५अ ही तशीच तरतूद आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी त्याहून कडक आहेत. इमारत १५ ते ३० वर्षांची असल्यास दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनी असल्यास दर ३ वर्षांनी तपासणी करावी, असे ते सांगतात. इतर राज्यांत चित्र एकसारखे नाही. नोएडासारख्या प्राधिकरणांनी उंच इमारतींसाठी असे धोरण अलीकडच्या काळात आणले.

तीस वर्षांची ही रेषा प्रशासनाच्या सोयीची आहे. काँक्रीट तिला बांधील नाही. रायगड जिल्ह्यातील महाड येथे २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळलेली पाच मजली इमारत जेमतेम दशकभराची होती. त्या दुर्घटनेत १६ जणांचा मृत्यू झाला. याउलट दगडी भिंती आणि सागवानी तुळयांच्या कित्येक जुन्या इमारती शंभरी ओलांडूनही वापरात आहेत.

तपासणीची सुरुवात कागदांपासून होते. मंजूर नकाशे, संरचनेचे आराखडे, भोगवटा प्रमाणपत्र आणि आजवरच्या दुरुस्त्यांच्या नोंदी अभियंता मागतो. जुन्या संस्थांच्या दप्तरात संरचनेचे आराखडे क्वचितच सापडतात. अशा वेळी सळया कोठे व किती खोलीवर आहेत, हे चुंबकीय यंत्राने शोधावे लागते. त्यानंतर गच्चीवरून खाली उतरत प्रत्येक सदनिका, जिना, सज्जा, पाण्याची टाकी आणि तळमजल्याचे खांब पाहिले जातात. सर्व सदनिका उघडून न दाखवल्यास अहवाल त्या प्रमाणात अपुरा राहतो, कारण संपूर्ण इमारतीला धोका पोहोचवणारा बदल एखाद्या बंद दाराआडच झालेला असू शकतो. घाटकोपर येथे २५ जुलै २०१७ रोजी चार मजली इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तेथील तपासाचा रोख तळमजल्यावर सुरू असलेल्या फेरफारांवर होता.

वाढलेला भार हा असाच नजरेआड राहणारा दोष आहे. गच्ची गळू लागली की जुना ब्रिकबॅट कोबा न काढता त्यावर नवा थर घालण्याची पद्धत सर्रास आढळते. अशा कोब्याच्या १० सेंटिमीटर जाडीचे वजन प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो भरते. राहत्या खोलीत माणसे व सामान मिळून जेवढा भार भारतीय मानक गृहीत धरते, जवळजवळ तेवढाच हा भार आहे. दोनदा गळती ‘बंद’ केलेली गच्ची म्हणजे बारा महिने भरलेली जादा खोलीच होय.

भेगांचे वाचन हे या कामातील सर्वांत अनुभवाचे अंग आहे. गिलाव्यावरील केसासारख्या जाळीदार भेगा बहुधा निरुपद्रवी असतात. वीटभिंत जेथे बीमला भिडते तेथील आडवी भेग दोन पदार्थांच्या वेगवेगळ्या आकुंचन-प्रसरणामुळे पडते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून एका टोकाकडे रुंदावणारी भेग पाया एका बाजूस खचत असल्याचे सुचवते. सर्वांत गंभीर मानली जाते ती खांबाच्या कडेने, आतील सळईच्या रेषेत उभी जाणारी भेग. भेग अजून वाढते आहे की थांबली आहे, हे पाहण्याची जुनी रीत आजही उपयोगी पडते. भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवून तिच्यावर तारीख लिहितात. काही आठवड्यांत काच तडकली, तर हालचाल चालू आहे. हातोडीने ठोकून येणारा पोकळ आवाज, ओळंब्याने मोजलेला भिंतीचा कल आणि छतावरील तांबूस डाग यांची नोंद प्रत्येक मजल्याच्या नकाशावर केली जाते.

तांबूस डागामागील रसायन समजले की पुढील चाचण्यांचा अर्थ लागतो. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा सामू १२.५ च्या वर असतो आणि त्या वातावरणात सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये मुरत जाऊन हा अल्कधर्म कमी करतो. दुसरीकडे समुद्राची खारी हवा किंवा बांधकामातील खारे पाणी यांतून आलेले क्लोराइड तो थर थेट भेदते. सळई गंजली की गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहा पटींपर्यंत वाढते आणि आतून बाहेर ढकलले जाणारे काँक्रीट फुटते. म्हणून छताचे पोपडे पडलेले दिसतात तेव्हा ती दोषाची सुरुवात नसते. बिघाड बराच पुढे गेल्याची ती खूण असते.

चाचण्या याच क्रमाने रचलेल्या आहेत. रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो. त्यावरून काढलेल्या ताकदीत २५ टक्क्यांपर्यंत कमी-अधिक फरक पडू शकतो, हे भारतीय मानकानेच नमूद केले आहे. तरीही केवळ या एका चाचणीच्या आधारावर इमारतीचे भवितव्य सांगणारे अहवाल तयार होतात आणि त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. ध्वनितरंगांच्या चाचणीत काँक्रीटमधून जाणाऱ्या तरंगाचा वेग मोजतात. १९९२ च्या मानकानुसार सेकंदाला ४.५ किलोमीटरहून अधिक वेग उत्कृष्ट आणि ३ किलोमीटरहून कमी वेग संशयास्पद मानला जाई. या मानकाचे पुढे सुधारणांसह आयएस ५१६ या मानकात विलीनीकरण झाले. हाफ सेल चाचणी सळईचा विद्युत विभव सांगते. तो उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेला, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरतात. फोडलेल्या भागावर फिनॉफ्थॅलीनचे द्रावण फवारल्यास निरोगी काँक्रीट गुलाबी होते, अल्कधर्म गमावलेले तसेच राहते. अखेरीस खांबातून वा बीममधून नळकांड्यासारखा नमुना कापून प्रयोगशाळेत दाबून पाहतात. किमान तीन नमुन्यांची सरासरी ताकद अपेक्षित दर्जाच्या ८५ टक्के असावी आणि कोणताही एक नमुना ७५ टक्क्यांखाली नसावा, असा आयएस ४५६ चा दंडक आहे.

‘अपेक्षित दर्जा’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. १९७८ च्या आयएस ४५६ मध्ये सलोह काँक्रीटसाठी एम-१५ दर्जा चालत असे आणि स्लॅबमधील सळईवर १५ मिलिमीटरचे आवरण पुरेसे मानले जाई. २००० सालच्या सुधारित मानकाने किमान दर्जा एम-२० केला. समुद्रकिनाऱ्याच्या हवेत तो एम-३० आणि आवरण ४५ मिलिमीटर ठरले. म्हणजेच १९८० च्या दशकात मुंबई, चेन्नई किंवा विशाखापट्टणमच्या किनाऱ्यालगत उभी राहिलेली इमारत तत्कालीन नियमांत पूर्णतः बसूनही आजच्या कसोटीवर दुबळी ठरू शकते. त्यात बांधणाऱ्याची लबाडी असेलच असे नाही.

मात्र नेहमीच्या तपासणीची एक मर्यादा आहे. ती झीज मोजते, भूकंपातील वर्तन नव्हे. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादमध्ये बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील अनेकींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा, केवळ खांबांवर उभा होता. अशा क्षमतेची पडताळणी आयएस १५९८८ या २०१३ च्या मानकानुसार स्वतंत्रपणे करावी लागते आणि तशी मागणी करणाऱ्या गृहनिर्माण संस्था थोड्याच.

गुरुग्राममधील प्रकरणाने नव्या इमारतींविषयीचा समजही बदलला. सेक्टर १०९ मधील चिंटेल्स पॅराडिसो संकुलाच्या डी टॉवरमध्ये १० फेब्रुवारी २०२२ रोजी वरच्या मजल्याचे छत खालच्या मजल्यांना घेऊन कोसळले आणि दोन महिलांचा मृत्यू झाला. संकुल अवघ्या काही वर्षांपूर्वी वसले होते. आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी केलेल्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइडचे मोठे प्रमाण आणि सळयांचा गंज आढळला. पुढे त्याच संकुलातील आणखी टॉवर असुरक्षित ठरले. मग रहिवाशांना घरांचे पैसे किती द्यायचे, असा प्रश्न उभा राहिला आणि जिल्हा प्रशासनाला स्वतंत्र मूल्यांकनकार नेमावे लागले. प्रकृती आणि किंमत यांची गाठ येथे पडली, पण दुर्घटनेनंतर.

मुंबईत तपासणीचा निष्कर्ष चार वर्गांत मांडला जातो. सी-१ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी इमारत; सी-२ए रिकामी करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी; सी-२बी रहिवासी असतानाच संरचनात्मक दुरुस्ती करता येण्याजोगी; आणि सी-३ किरकोळ दुरुस्तीची. दक्षिण मुंबईतील उपकरप्राप्त इमारतींचे, ज्यांची संख्या एकेकाळी १९,६४२ होती, पावसाळ्यापूर्वीचे सर्वेक्षण म्हाडाचे दुरुस्ती मंडळ दरवर्षी करून अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते.

सी-१ हा शिक्का केवळ तांत्रिक राहत नाही, कारण मुंबईत इमारत जितकी धोकादायक, तितकी तिच्याखालची जमीन मोलाची ठरते. मालकाने नेमलेला अभियंता इमारत पाडण्याजोगी म्हणतो, भाडेकरूंचा अभियंता तीच दुरुस्त होईल असे सांगतो, आणि दोघेही चाचण्यांचे आकडे पुढे करतात. असे परस्परविरोधी अहवाल आल्यास प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक सूत्रांनुसार इमारत पाडण्यापूर्वी प्रत्येक भोगवटादाराच्या ताब्यातील क्षेत्र मोजून नोंदवणे आवश्यक आहे. पुनर्बांधणीतील हक्क याच नोंदीवर उभा राहत असल्याने, घर रिकामे करण्यापूर्वी तिची प्रत ताब्यात घेणे भाडेकरूंच्या दृष्टीने अत्यंत निकडीचे असते.

मूल्यांकनकाराचे काम निराळ्या कायद्याखाली चालते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४७ खाली २०१७ मध्ये नोंदणीकृत मूल्यांकनकारांचे नियम आले. नोंदणी भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे होते आणि ‘जमीन व इमारत’ हा तीन मालमत्ता वर्गांपैकी एक आहे. स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुकला किंवा नगररचनेच्या पदवीधराला त्यासाठी पाच वर्षांचा अनुभव व परीक्षा आवश्यक आहे. बँकांच्या स्वतःच्या नामिका असतात. मालमत्ता ५० कोटी रुपये वा अधिक मूल्याची असल्यास किमान दोन स्वतंत्र अहवाल घ्यावेत, असे रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच सांगितले आहे.

किंमत काढण्याची रीत तशी सरळ आहे. आसपासच्या व्यवहारांशी तुलना, भाड्याच्या उत्पन्नावरून भांडवली मूल्य, किंवा जमिनीची किंमत अधिक बांधकामाचा आजचा खर्च वजा घसारा, या तिन्हींपैकी योग्य ती निवडतात. घसाऱ्याचा प्रचलित हिशेब असा : काँक्रीटच्या इमारतीचे आयुष्य ६० वर्षे आणि अखेरचे भंगारमूल्य १० टक्के धरले, तर ३० वर्षांच्या इमारतीचा घसारा ४५ टक्के होतो. तेच बांधकाम आज २० लाख रुपयांत होत असेल, तर त्याचे मूल्य ११ लाख. या हिशेबात गंज कोठेच येत नाही. बँकेच्या तक्त्यात ‘शिल्लक आयुष्य’ हा रकाना असतो, पण तो ६० मधून वय वजा करून भरला जातो. सोबत ‘संरचनात्मक चाचण्या केलेल्या नाहीत’ अशी पुस्तीही जोडलेली असते. कर्ज घेणाऱ्याच्या हाती हा अहवाल बहुधा पडतच नाही. सरकारी दर, मग तो महाराष्ट्रात रेडी रेकनर असो, गुजरातेत जंत्री, दिल्लीत सर्कल रेट वा तमिळनाडूत गाइडलाइन व्हॅल्यू, मुद्रांक शुल्कासाठी असतो. त्यातही प्रत्यक्ष दोषांची दखल नसते.

कमी मूल्यांकनाचा फटका मात्र तात्काळ बसतो. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जासाठी मूल्याच्या ९० टक्के, ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के कर्ज मिळू शकते. त्यामुळे मूल्यांकन ठरलेल्या किमतीखाली आले की फरक ग्राहकाला पदरचा घालावा लागतो.

जुने घर घेणाऱ्याला गृहनिर्माण संस्थेकडे शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल, त्यानुसार झालेल्या दुरुस्तीची देयके आणि महापालिकेच्या नोटिसा मागता येतात. विक्रेत्यामार्फत मागणी केल्यास नकाराला जागा कमी उरते. नव्या प्रकल्पात स्थावर संपदा कायद्याचे कलम १४ उपयोगी आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनात्मक दोष विकासकाच्या निदर्शनास आणल्यास त्याने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. तसे न झाल्यास ग्राहकाला भरपाई मागता येते. ही मुदत संपण्यापूर्वी, म्हणजे चौथ्या वर्षाच्या पावसाळ्यानंतर, संपूर्ण इमारतीची स्वतंत्र तपासणी करवून घेतल्यास तिचा खर्च सर्व सदनिकाधारकांत विभागला जातो आणि दोषाची लेखी नोंद मुदतीच्या आत विकासकापर्यंत पोहोचते.