कर्ज कोणाच्या नावावर? उपनगरातल्या घराचा एक हिशेब

कर्जाविषयी आपल्या भाषेने जे शहाणपण साठवले आहे ते बहुतेक इशाऱ्याचे आहे. ऋण काढून सण करू नये, अंथरूण पाहून पाय पसरावेत. घराविषयीची म्हण मात्र निराळ्या सुरात बोलते: घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून. तिच्यात खर्चाची धास्ती आहे, पण कमीपणाची भावना नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील मध्यमवर्गीय कुटुंबांनी गेल्या शंभर वर्षांत या दोन शिकवणींमध्ये कशीबशी तडजोड घडवून आणली. देण्याला भिणारा माणूस वीस वर्षांचे देणे हसतमुखाने कसा पत्करू लागला, हा प्रश्न सहसा व्याजदरांच्या चढउतारांतून समजावून दिला जातो. मला तो आणखी एका बाजूने पाहावासा वाटतो: त्या त्या काळी हे कर्ज नेमके कोणाच्या नावावर होते?

सुरुवात उपनगरात नव्हे, गिरणगावात करावी लागते. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा ४७ टक्के कुटुंबे कर्जात असल्याचे आढळले. पुढे १९३१ साली व्हिटली आयोगाने आपल्या अहवालात रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा सर्रास चालणारा दर नोंदवला. म्हणजे वर्षाला ७५ टक्के. हे कर्ज लग्नाचे, आजारपणाचे, गावाकडच्या देण्याचे असे. घराचे ते कधीच नसे, कारण अशा व्याजाने घर घेण्याची कल्पनाही कोणी करू शकत नव्हते. चाळीतली खोली भाड्याची आणि देणे स्वतःचे, अशी ही विभागणी होती.

या विभागणीतून बाहेर पडण्याचा एक मार्ग त्याच शहरात, पण पांढरपेशांच्या वस्तीत निघाला. चित्रापूर सारस्वत समाजातील श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९०६ साली शामराव विठ्ठल यांच्या नावाची सहकारी पतसंस्था निघाली आणि १९१५ साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. मुंबई इलाख्यातली ही पहिली गृहनिर्माण संस्था मानली जाते. या दोन सालांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी पतपेढी आली, घर मागाहून आले. सभासदाला अडीनडीला रास्त व्याजाने पैसे मिळावेत, सावकाराचे दार बंद व्हावे, ही पहिली पायरी. एकत्र येऊन इमारत बांधणे ही दुसरी. शिवाय इमारतीची मालकी संस्थेची होती. सभासद भागधारक असे आणि भाडेकरूही असे. तो दरमहा जे भरी ते संस्थेकडे जाई, आणि बाहेरचे देणे संस्थेच्या नावावर असे. एखाद्याची नोकरी सुटली तर तो प्रश्न आधी शेजाऱ्यांपुढे येई, सावकारापुढे नाही.

उपनगरांची वाढ याच सुमारास सुरू झाली. १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढण्यात आला. १९२८ मध्ये कुलाब्याहून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली. रेल्वेच्या पासाने दूरची जमीन शहराच्या जवळ आणली. तरीही मध्यमवर्गाची पहिली पसंती भाड्याच्या जागेलाच होती, आणि कदाचित ती तशीच राहिली असती. पण १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. आत राहणाऱ्याला त्यामुळे मोठे अभय मिळाले, मात्र बाहेरून येणाऱ्याचा रस्ता अरुंद झाला. भाड्यासाठी इमारत बांधण्यात मालकाला लाभ उरला नाही आणि रिकाम्या खोलीला पगडी मागितली जाऊ लागली. पगडीची पावती नसे. पावती नाही म्हणून तारण नाही आणि तारण नाही म्हणून बँक नाही. मग सासरचे, माहेरचे, बायकोचे दागिने आणि शेवटी पुन्हा सावकार. या व्यवहाराला कायद्याची मान्यता मिळायला २००० साल उजाडावे लागले.

मालकीच्या सदनिकेचा ओढा या कोंडीतून निर्माण झाला. १९५७ मध्ये महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोचली. १९६० मध्ये महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा आला, १९६३ मध्ये मालकी सदनिकांचा कायदा. जमीन होती, कायदाही होता. अडचण पैशाची होती. नोकरदाराच्या हाती मोठी रक्कम आयुष्यात एकदाच पडे, निवृत्त होताना. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून घर व्हायचे. म्हणजे मुले वाढली ती चाळीत, आणि स्वतःची खोली मिळाली ती त्यांना घर सोडून जाण्याच्या वयात.

हसमुखभाई पारेख यांनी १९७७ मध्ये स्थापन केलेल्या एचडीएफसीने नेमके हे वय बदलले. तिच्या पहिल्या कर्जातून १९७८ मध्ये मालाडला, म्हणजे उपनगरातच, घर उभे राहिले. (ती संस्था २०२३ मध्ये आपल्याच बँकेत विलीन झाली.) तिशीतल्या माणसाने आपला पुढचा पगार आज वापरावा, ही कल्पना तेव्हा अनेकांना अविचाराची वाटली असणार. पण तिच्यामुळे घर हे निवृत्तीचे बक्षीस न राहता संसाराचा आरंभ होऊ शकले. या कर्जाचे खरे तारण भिंतींपेक्षाही नियमित पगार हे होते. ज्यांचा पगार १९८२ च्या गिरणी संपात थांबला, त्यांना हे दार उघडे झाले काय आणि न झाले काय, सारखेच.

या सोयीबरोबर एक गोष्ट मात्र गुपचूप बदलली. फाटकावर ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ ही पाटी कायम राहिली, पण सहकार पाण्याची टाकी, उद्वाहन आणि देखभालीच्या बिलापुरता उरला. कर्ज प्रत्येक दारामागे वेगळे झाले. एकाच जिन्यावरच्या दोन कुटुंबांना परस्परांचा हप्ता ठाऊक नसतो, आणि विचारणे असभ्य मानले जाते.

या एकट्या कर्जाचा हिशेबही नीट मांडून पाहावा. दहा लाख रुपये ९ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ९,००० रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले ७,५०० रुपये व्याजात जातात आणि जेमतेम १,५०० मुद्दलात. निम्मे मुद्दल फिटायला जवळजवळ चौदा वर्षे लागतात. त्यात दर बदलता असतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. ज्याने नुकतेच ७ टक्क्यांनी दहा लाख घेतले होते त्याचा हप्ता होता सुमारे ७,७५०. दर साडेनऊ होताच नुसते व्याजच ७,९०० च्या वर गेले. हप्ता तोच ठेवला तर कर्ज कमी होण्याऐवजी वाढणार. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ता वाढवायचा की मुदत, हे ठरवण्याचा पर्याय कर्जदाराला द्यावा असे सांगितले ते याच कारणाने. पर्याय मिळाला हे खरे. निवड मात्र रात्री जेवणे आटोपल्यावर दोघांनीच करायची असते.

घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबावर आज इतर देणीही असतात: क्रेडिट कार्डाची, वैयक्तिक कर्जाची, दुचाकीची, मुलाच्या शिक्षणाची. कार्डाच्या थकबाकीवर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. ते एक आण्याहून कमी असले, तरी त्याच कुळीतले आहे. २००० साली स्थापन झालेल्या सिबिलमुळे या प्रत्येक देण्याची नोंद गृहकर्ज देणाऱ्यापुढे जाते, आणि पगाराचा किती भाग आधीच्या हप्त्यांत अडकला आहे त्यावर मंजुरीचा आकडा ठरतो. म्हणजे तालमकींचा क्रम अजून जुना झालेला नाही: आधी महागडे देणे फेडावे, मग घराकडे वळावे. त्या क्रमाला सोबत देणारी पतपेढी मात्र उपनगरातल्या फारच थोड्या लोकांना आठवते.

येथे गतकाळाचा गौरव करण्याचा मोह आवरला पाहिजे. ती सोबत बहुधा जातीच्या कुंपणाआतली होती. आडनाव चुकले तर संस्थेचे दार बंद असे. कोकणातून आलेली एकटी परिचारिका किंवा वस्तीतून शिकून वर आलेला कारकून यांना बँकेच्या कोरड्या अर्जाने जे दिले, ते कोणत्याही समाजाच्या मंडळाने दिले नसते. अर्जावर पगार विचारला जातो, गोत्र नाही. पत्नीचे नाव सहकर्जदार म्हणून लागले तेव्हा दारावरच्या पाटीवरही ते येण्याला बळ मिळाले. कर्ज एकट्याचे झाले म्हणून माणूस मोकळाही झाला, हे नाकारता येत नाही.

प्रश्न एवढाच उरतो, की मोकळीक आणि सोबत या दोन गोष्टी एकमेकींच्या किमतीवरच मिळाव्यात का? देखभालीची सभा भरते, गणपतीची वर्गणी होते, पुनर्विकासाची चर्चा रात्री उशिरापर्यंत चालते. त्याच सभागृहात, कुंपणाशिवाय, एखाद्या घराचे चार थकलेले हप्ते सांभाळून घेणारा निधी असू शकतो. सहकाराच्या कल्पनेत तो पहिल्यापासून होता. फाटकावरची पाटी अजून तेच सांगते, फक्त ती आपण पत्ता शोधण्यापुरती वाचतो.